टेकडीच्या पायथ्याची पट्टी

मी, प्रयागबाई कुंडलिक खोमणे, वय शहात्तर, राहणार वाघझरी, तालुका बारामती, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मला वेड लागल्याचे माझे एकुलते चिरंजीव दिग्विजय गावभर सांगत असतात.

१. टेकडीच्या पायथ्याची पट्टी मला माझ्या वडिलांनी दिली. वर गाडी जायची तर इथूनच जाईल. बाकी सगळीकडे कडा आहे. दिग्विजयांनी वर बंगल्यांचे प्लॉट पाडले ते या पट्टीच्या भरवशावर.

ते पाहून मी ग्रामसभेत ठराव मांडला: टेकडीच्या उतारावर घरे नकोत, आणि गावात पाणी पुरेल तेवढीच नवी घरे व्हावीत. चिठ्ठ्या टाकून मतदान ठरले होते. आयत्या वेळी हात वर करायला लावले. आदल्या दिवशी दिग्विजयांकडचे मटण कोणी खाल्ले ते दिसायला नको का?

दिग्विजय माईकवर म्हणाले, "म्हातारीला काय कळतंय? टेकडीवर दगडाबिगर हाय काय?"

मी म्हणाले, "पाझर हाय. खालच्या विहिरी त्याच्यावरच जगत्यात."

सभा हसली. ज्यांच्या विहिरी तेच जास्त हसले. ठराव पडला.

बाजूने जे मोजके हात उठले त्यांत माझी सून स्वरूपा होती. दिग्विजयांनी तिचा हात धरून खाली ओढला. तिने दुसरा वर केला.

सबब ही पट्टी स्वरूपास देते.

२. सावळारामतात्यांनी त्या सभेत दोन्ही बाजूंना हात वर केला. त्यांना माझी काठी द्यावी. पाठीला कणा नसलेल्या माणसाला आधार लागतो.

३. राहते घर माझ्या नावावर आहे. ते दिग्विजयांस देते. शेवटी पोटचे आहेत.

४. 'भावी सरपंच' लिहिलेला त्यांचा फ्लेक्स मी गोठ्यावर घातला आहे. तो काढू नये. गळती थांबली, त्या फोटोने गावाचे केलेले एवढेच काम.

५. माझ्या शोकसभेत दिग्विजयांनी भाषण करू नये.

६. इथवर लिहून झाल्यावर स्वरूपास वाचून दाखवले. ती रडली नाही की हसली नाही. म्हणाली, "आत्याबाई, पट्टी माझी झाल्यावर ह्ये मला ह्या घरात ऱ्हाऊ देतील व्हय?"

सबब कलम ३ रद्द. घरही स्वरूपाचे. दिग्विजयांस तिथे राहायचे असल्यास त्यांनी तिची परवानगी घ्यावी.

वाचून, समजून सही केली.
प्रयागबाई कुंडलिक खोमणे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. ज्ञानदेव म्हस्कू काळे, निमगाव केतकी
२. माधवी मोहनराव भापकर, लोणी भापकर

बारामती, १४ नोव्हेंबर २०२५