आमच्या वाटणीचा बर्फाचा गड

प्रिय अण्णा,

काल चंद्रीनं आपल्या खेळाची ती तिसरी पुस्तिका भिंतीतल्या देवळीत तुझ्या फोटोजवळ ठेवली आणि तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. अण्णाबिगर हिला कुणी हात लावायचा न्हाई, म्हणाली. म्हणून आज दुपारी दार लावून तुला लिहायलेय. भांडायला तू समोर न्हाईस, मग काय करू?

चंद्रीला अजून काही ठाऊक न्हाई. मला आहे.

मामानं दुबईहून तो खोका आणला, आठवतं? कुण्या साहेबाच्या पोरानं टाकून दिलेला. आत चित्रविचित्र फासे नि इंग्रजीतल्या पुस्तिका. आपल्या सीमेवरच्या मेहकरात कुणाला काय कळणार त्यातलं! अप्पा तर जुगार म्हणून विहिरीत टाकायला निघाले होते. तूच वाचून उलगडा केलास. एकानं सूत्रधार व्हायचं, पुस्तिकेत छापलेलं भुयार, राक्षस, जादू सांगत जायचं, बाकीच्यांनी आपापलं माणूस घेऊन त्यात शिरायचं. फासा पडेल ते खरं.

आमुशेला बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत, म्हणून आमुशा हाच आपला खेळाचा दिवस. तू सूत्रधार, समोर मी आणि काकाची चंद्री, शेतातल्या कोपीत. चंद्रीनं चोर घेतला, तिला शोभलाच. मी भाल्याची बाई घेतली. नाव होन्नम्मा.

कुठली पुस्तिका आधी खेळायची यावर किती वाद घातला आपण! तू पाठीमागचा मजकूर वाचून सांगायचास, मधेमधे कन्नड घुसडत. पहिली गुहेची, नवशिक्यांसाठी. दुसरी नदीकाठच्या शहराची, पण ती सहा जणांची, म्हणून राक्षस कमी करावे लागणार. आणि तिसरी बर्फाच्या गडाची, मुरलेल्या माणसांसाठी. चंद्रीला तीच आधी पाहिजे होती. तू समजावलंस, कच्ची माणसं पहिल्या दारातच मरतील, आणि गडाचं गुपित एकदा कळलं की परत खेळण्यात राम न्हाई. मग ठरलं, आधीच्या दोन्हींतून तावून-सुलाखून निघायचं आणि एखाद्या येळवशीच्या आमुशेला शेतात अंबील पिऊन तिसरी उघडायची. "तिघं असल्याबिगर न्हाई," असं तू गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणालास. आम्हीही लावला.

मग तू गुलबर्ग्याला शिकायला गेलास आणि खोका घेऊन गेलास. आम्ही हौसेनं बांधून दिला की रे!

सुट्टीला आलास की मी पहिलं तेच विचारायची. तू हसून म्हणायचास, तुझी होन्नम्मा अजून कच्ची हाय. कसल्या तरी किरकोळ लढाया खेळवायचास आणि एसटीनं परत जायचास. मी खरं मानलं. वाटायचं, आपलंच काहीतरी कमी पडायलंय.

तुला माती दिल्यावर तुझ्या खोलीतला महेश तुझी ट्रंक घेऊन आला, आत आपला खोका. मी चहा दिला. बिचारा काहीतरी चांगलं बोलावं म्हणून कन्नडमध्ये म्हणाला, "होन्नम्मा तुमच्या गावची कुणी होती का? आमच्या होस्टेलात फार गाजली. बर्फाच्या गडावर, शेवटच्या पुलावर मेली."

अण्णा, मला आधी कळेचना तो काय बोलायलाय. तो रंगात येऊन सांगत राहिला. दर रविवारी खेळ व्हायचा म्हणे. होन्नम्मा त्यांच्यातल्याच एका पोराकडं होती. बाकीचे पळावेत म्हणून ती पुलावर थांबली आणि फासा उलटा पडला. त्याला वाटलं मी तुझ्या आठवणीनं रडायलेय.

कच्ची होती व्हय रे ती? की तुझा गड खेळून संपला होता म्हणून आम्हाला झुलवत ठेवलंस? गळा कापलास माझा, आणि तोही हसत हसत!

तिथं तू एकटा पडला होतास, मला ठाऊक आहे. तुझ्या मराठीमिश्रित कन्नडला पोरं हसायची, तूच सांगितलं होतंस. त्या खोक्यानं तुला दोस्त मिळाले असतील. तेवढं समजण्याइतकी अक्कल मला आहे. पण होन्नम्मा कामून दिलीस? दुसरं नाव सुचलं न्हाई? आणि मेली तर मेली, घरी येऊन मला सांगायचं तरी होतंस. तिची खरी मालकीण मी होते ना?

लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरलाय. आई तुझं नाव काढून डोळे पुसते तेव्हा मला तिच्याजवळ बसवत न्हाई, इतका राग आहे.

पण चंद्रीला मी झुलवणार न्हाई. उद्या येळवस आहे, शेतात तिला बाजूला घेऊन सगळं सांगणार. ती आधी मलाच खोटी ठरवेल, मग रडेल. रडू दे. त्यानंतर ती म्हणाली खेळू तर मी सूत्रधार होईन, न्हाई म्हणाली तर विषय संपला. तिला विचारल्याबिगर मी त्यातलं एक पानही उलटणार न्हाई, हे माझं वचन.

तू एकदा नुसतं विचारायचं होतंस रे. आम्ही दोघींनी "जा, खेळ" म्हटलं असतं.

तुझ्यावर रागावलेली,
गंगू