पश्चिमेच्या दोन खिडक्या

१२ मार्च १९८९, रविवार
पश्चिमेच्या खोलीतली डावी खिडकी उघडायला गेले तर झडप हातातच आली, बिजागरीसकट. चौकटीचं खालचं लाकूड बोटाने दाबलं, बोट आत गेलं. उजवीची गत तीच. दोन्ही बाबांनी स्वतः केलेल्या, घर बांधलं तेव्हा; मी सहावीत होते. म्हटलं, "बाबा, कुजल्या." म्हणाले, "कुजल्या नाय. दमल्यात." सुताराचं नाक!
गेल्या श्रावणात ह्याच खिडकीतून पाणी आलं. बाबा रात्रभर ओल्या गादीवर पडून राहिले, मला हाक मारली नाही. मग न्यूमोनिया, सोळा दिवस इस्पितळ. डॉक्टरांनी बजावलंय, ह्या वयात पुन्हा भिजले तर कठीण. सत्त्याहत्तर पुरी. खाट तिथून हलवा म्हणून तेव्हापासून घसा सुकवतेय, हलवत नाहीत. तेव्हा मिरगाच्या आत, पाऊस लागण्याआधी, दोन्ही खिडक्या नव्या झाल्याच पाहिजेत. लिहून ठेवते, म्हणजे मलाही मागे फिरता येणार नाही.

२४ मार्च, शुक्र.
शिमग्याला सुरेश आला. धाकटे बंधुराज. वर्षातून दोनदा मुंबईहून येतात आणि घर कसं चालवावं ते मला सांगून जातात. ह्या खेपेला पिशवीतून वीतभर प्लास्टिकचा पांढरा तुकडा काढला. त्याच्या मित्राचा कारखाना आहे, तिथे आता खिडक्या करतात. "ताई, ह्याला वाळवी नाही, गंज नाही, रंग नाही, तेल नाही. फडकं मारलं की झालं."
मला पटलं. दर एप्रिलला तेल, रंग, आणि पावसात फुगून बसलेली झडप ढकलायला शेजारून माणूस. आई गेल्यापासून हे सगळं मी करते. कंटाळा आलाय.
बाबांनी तुकडा घेतला, बघितलाही नाही. अंगठ्याने चोळत बसले, मग नाकाला लावला. "बालदी हाय ही. बालदीची खिडकी कोण करतं?" सुरेश भडकला. पालखी दारात आली तरी दोघांची तोंडं दोन दिशांना.

२६ मार्च, रवि.
तोडगा. एक खिडकी प्लास्टिकची, एक लाकडाची. एक पावसाळा बघायचं, जी टिकेल तिची जोडी करायची. सुरेशची कल्पना. बाबा पटकन हो म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मग हळूच, "लाकडाची मी करीन."
सात वर्षांत हत्याराला हात नाही. वाद घालायचं त्राण नव्हतं. सुरेश संध्याकाळच्या एस.टी.ने गेला. त्याला काय!

९ एप्रिल, रवि.
जुन्या चौकटी काढल्या. त्यांच्याबरोबर चिऱ्याच्या कडाही ढासळल्या. गवंड्याने सिमेंटने कडा नव्याने बांधून दिल्या, चांगल्या जाडजूड. बाबा तिथेच खुर्ची टाकून त्याला अक्कल शिकवत होते.
आता भिंतीला दोन भोकं. शेजारच्या माईंनी नारळाची झापं दिली, ती बांधली. तरी भाट्याच्या खाडीकडचा वारा शिरतोच. नववीच्या भूमितीचे पेपर खोलीभर उडाले. दोन अजून सापडत नाहीत.

१६ एप्रिल, रवि.
माईंकडे सुरेशचा फोन. मापं ताबडतोब पाठव. बाबांना टेप दिली. "टेप तुमच्या शाळेत न्या." आढ्यातून घराची काठी काढायला लावली. जुने सुतार घर बांधताना त्या घराची एक काठी करत. दार, खिडकी, कपाट, ज्याच्या त्याच्या मापाची तिच्यावर खाच. ती काढली, धूळ माझ्या डोळ्यांत. बाबांनी खाचांवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, रुंदी तीन फूट, उंची चार. मी पेपर तपासता तपासता लाल शाईनेच अंतर्देशीयावर लिहिलं, टाकलं पोस्टात. सुटले.
("एका सरळ रेषेत नसलेले तीन बिंदू." अर्ध्या वर्गाने गाळलंय. शिकवते काय मी वर्षभर?)

२५ एप्रिल, मंगळ.
खिडकी प्रकरण, ह्यापुढे खि. प्र.
माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या खाली आल्या. पडवीत सकाळपासून रंधा. ढलप्या चहात, भातात, माझ्या अंबाड्यात. मदतीला कोणी नको, जवळ कोणी यायचं नाही. आज कप स्टुलाच्या अलीकडेच ठेवला, हवेत. फुटला. ह्या महिन्यातला दुसरा. लक्ष कुठे असतं देव जाणे. आणि पेपर मोठ्याने वाचून दाखव, हे एक नवीन खूळ. चष्मा जड होतो म्हणे. दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि घरी येऊन मच्छीचे भाव वाचायचे.

३ मे, बुध.
खि. प्र. वर गावाची मतं. शाळेत हेडबाई: लाकूड. शिपाई: प्लास्टिक. चित्रकलेच्या बाई: पडदे लावा. माई काल, "जळ्ळं मेलं ते प्लास्टिक, उन्हात वाकडं होतं." आज त्याच माई, "सुरेशला सांग हो, माझ्या न्हाणीघरालाही एक बघ." लाकूड की प्लास्टिक हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. सांगतात सगळे.
बाबांशी बोलायचं तर रंधा थांबायला हवा. थांबत नाही.

१४ मे, रवि.
आली. एस.टी.च्या टपावरून, गोणपाटात. पांढरीशुभ्र, तालुक्याच्या दवाखान्यात शोभेल अशी. पण झडप एका बोटाने सरकते आणि बंद होताना नुसतं टक्. दहा वेळा उघडली, दहा वेळा लावली. बाबा आत असताना. इतकं सोपं काही ह्या घरात आजवर आलेलं नाही. मी मनात ठरवून टाकलं, दोन्ही ह्याच.

१५ मे, सोम.
बसत नाही.
बसवणारा माणूस तासभर खटपट करून म्हणाला, "बाई, मापं कोणी दिली?" शाळेची फूटपट्टी घेऊन मी स्वतः मोजलं. भोक रुंदीला दोन इंच कमी, उंचीलाही. गवंड्याने बांधलेल्या कडा, दोन्हीकडे इंच इंच. काठीवरचं माप बत्तीस वर्षांपूर्वीच्या भिंतीचं! आणि ते मी लिहून पाठवलं. मी. भूमितीची बाई.
"कापून बसवा."
"हे कापता येत नाही. परत पाठवा, दीड महिन्यात दुसरी येईल."
दीड महिना म्हणजे जुलै.
बाबांवर ओरडले. आयुष्यात इतकी ओरडले नव्हते. गवंडी काम करत होता तेव्हा तुम्ही समोर बसला होतात, मुद्दाम केलंत, बालदी नको म्हणून केलंत. माईंच्या आवारापर्यंत आवाज गेला असणार. बाबा उठले. पडवीत गेले. थोड्या वेळाने रंधा सुरू.

१७ मे, बुध.
अबोला. ताट ठेवते, ताट उचलते. सुरेश फोनवर, "म्हाताऱ्याने बरोब्बर डाव साधला, ताई." हो. साधला. मलाही तसंच वाटतं, आणि ते वाटतं ह्याचाच राग येतो.
दोन्ही भोकांवर तीच झापं.

२३ मे, मंगळ.
बाबांची चौकट तयार. माईंच्या बागेतले दोन गडी आले, आंब्याच्या पेट्या टाकून. उचलली, भिंतीशी नेली.
बसत नाही. तेच दोन इंच. रुंदीला आणि उंचीला. बाबांनी काठीवरूनच केली होती, भोक पुन्हा मोजलंच नव्हतं.
गडी माझ्याकडे बघायला लागले, मी बाबांकडे. बाबा एक हात चौकटीवर, एक हात भिंतीवर ठेवून उभे. "भिंत वाढली की काय," म्हणाले. हसतील असं वाटलं. हसले नाहीत.
डाव असता तर स्वतःची तरी बरोबर केली असती ना? मग काय? मापात चुकणारा माणूस नव्हे हा. भांडण माझ्याकडून मिटवलं, दुपारी सोलकढी केली. पण डोक्यातून जात नाही.

२४ मे, बुध.
बाबा म्हणाले, चौकट जाड आहे, चारी बाजूंनी इंच काढू. बालदीचं तसं करता येत नाय, हे सांगायला विसरले नाहीत. मला रेघ मारायला बसवलं. पेन्सिलने मारली, पट्टी लावून, अगदी सरळ. रंधा सुरू झाला आणि हातभर गेल्यावर रेघ सोडून आत घुसला.
"बाबा, रेघ सुटली."
"गडद काढ."
शाईने काढली. पुन्हा सुटली.
"गडद काढ गो."
ब्रशने काढली, काळ्या रंगाने, बोटाएवढी जाड. रंधा ठेवायच्या आधी त्यांनी लाकडावर हात फिरवला, रेघ शोधायला. रंग ओला होता. सगळा हाताला लागला आणि त्यांना ते कळलं नाही.
मी तीन बोटं त्यांच्या तोंडापुढे धरली. बालवाडीतल्या मुलासमोर धरतात तशी. आता लिहिताना लाज वाटते.
"हात खाली कर. हात हाय ते कळतं. बोटं नाय दिसत."
"कधीपासून?"
"गेल्या गणपतीपासनं कमी. शिमग्यापासनं आणखी कमी."
"सांगायचं नाही का मला?"
"सांगितलं असतं तर रंधा काढून घेतला असतास."
घेतला असता. खोटं कशाला बोलू?
कप. पेपर. प्लास्टिकचा तुकडा अंगठ्याने चोळणं. खाट न हलवणं, कारण तिथून दार सात पावलं हे पायांना पाठ आहे. टेप नको, काठी हवी, कारण टेपला खाचा नसतात. गवंड्यासमोर खुर्ची टाकून बसले होते ते बघत नव्हतेच, ऐकत होते. हे सगळं मी ह्याच वहीत लिहिलंय, माझ्याच हाताने, चिडून. मागची पानं चाळली. पुढे चाळवेनात.

२९ मे, सोम.
डोळ्यांचे डॉक्टर. मोतीबिंदू, दोन्ही. उजवा काढला तर दिसेल. डाव्याचं सांगता येत नाही, आत आणखी काही असावं. शस्त्रक्रिया लगेच करू म्हणतात. मग काही आठवडे वाकायचं नाही, वजन नाही, धूळ तर अजिबात नाही. म्हणजे रंधा नाही.
बाबा: "आधी खिडकी."
मी: "आधी डोळे."
रिक्षात हेच, घरी येऊन हेच. "ओल्या भिंतीखाली डोळ्याला पट्टी बांधून झोपू काय?" मग जरा वेळाने, "नाय आली दृष्टी तर? ही खिडकी तरी झालेली असू दे."
सुरेशचं पत्र. प्लास्टिकची लगेच परत पाठव, बदलून देतात, दोन्हीही देतील, विषय संपव. विषय संपव!

४ जून, रवि.
परवा एक सुचलं. रंगाची रेघ नको. पटाशी घेऊन रेघेवर खाच पाडली, बाबांच्या काठीवर असते तशी. पट्टी धरून मी कोरायचं, खाचेला अंगठा लावत लावत त्यांनी रंधा मारायचा. दोन दिवसांत एक बाजू झाली. हात फिरवला, सरळ. माझी खाच मधेच वाकडी गेली होती. ती त्यांनी बोटांनी ओळखून सोडून दिली आणि वर बोलले, "मास्तरीण, जरा बघून."
तीन बाजू उरल्यात. मिरग बुधवारी. भाट्यावर ढग आहेत. डॉक्टरांना अजून काही कळवलेलं नाही.
प्लास्टिकची अंगणात आडवी पडली आहे. माई तिच्या काचेवर आंबापोळी वाळत घालतात. परत पाठवावी तर सुरेश दुसरी धाडणार. ठेवावी तर कुठे? आणि लाकडाच्या खिडकीला दर वर्षी तेल कोण लावणार? मीच. तेव्हा ती सरकणारी झडप बरी वाटेल. दुसऱ्या भोकाचं काय हे आज तरी मला माहीत नाही. सुरेशला पत्र लिहायला घेतलं. "प्रिय सुरेश" पुढे गेलं नाही.
संध्याकाळी दोन्हीवरची झापं सोडली, वारा नव्हता म्हणून. बाबा खाटेवर बसले होते.
"बाय, उजेड कुठवर येतो गो आत?"
"तुमच्या खाटेपर्यंत."
"पायावर?"
"गुडघ्यापर्यंत."
त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.
उद्या दुसऱ्या बाजूची खाच पाडायची. पटाशीला धार लावून घ्यायला हवी.