टेव्हिनचा होकार

बर्मिंगहॅम, अलाबामा
३ जानेवारी १९९६

ती. स्व. वर्लीन आत्यास,
एमेटचा शि. सा. न. वि. वि.

नव्या वर्षाच्या दिवशी नशीब उघडायला खातात ती तुझ्या हातची चवळी चुकली. इथे खानावळीत खाल्ली, पण ती बाजारच्या बंद डब्यातली होती, त्यामुळे यंदा नशिबात काय वाढून ठेवलंय ते दिसतंच आहे. पीचच्या मुरांब्याची बरणी पोचली आणि अर्धी संपलीसुद्धा.

फोन फक्त बारशाला आणि मयताला, हा तुझा कायदा असल्यामुळे रडगाणं लिहूनच सांगतो. सतरा वर्षांचा पोरगा कुठल्या कॉलेजकडून फुटबॉल खेळणार, हे त्याने जाहीर करायच्या आधी छापायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. प्रशिक्षकांना विचारावं तर मुलाची सही होईपर्यंत त्याचं नाव घ्यायलाही नियमाने बंदी. मुलाला विचारावं तर देवाची कृपा आहे, यापलीकडे तो काही बोलत नाही. मग उरतात मुलाचे मामा, मुलाचा न्हावी आणि विमानतळावर दुर्बीण लावून बसणारे रिकामटेकडे. परवा एका वाचकाने अर्धा तास फोन अडवून मला पटवलं की अमक्याने लाल मोजे घातले होते, म्हणजे तो लाल गणवेशाच्या कॉलेजचा, लालवाल्यांचाच.

आता तुझ्या गावचा टेव्हिन मेबरी घे. साडेसहा फूट उंच, दारातून आडवा होऊन आत येणारा, आणि सगळ्या राज्याचं लक्ष त्याच्यावर. डिसेंबरात मी त्याला विचारलं की तू लालवाल्यांकडे जाणार ना. तो हो सर म्हणाला, मी छापलं. दोन आठवड्यांनी नारिंगीवाले खुशीत दिसले म्हणून पुन्हा विचारलं की नारिंगीवाल्यांकडे जाणार ना. तो हो सर म्हणाला, मी तेही छापलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजीने आमच्या कचेरीत फोन करून अगदी गोड आवाजात सांगितलं की काहीही ठरलेलं नाही. तेव्हापासून वाचक मला फिरती टोपी म्हणतात.

आमचे संपादक क्रेन साहेब म्हणाले की मासेमारीचं सदर लिहिणारे गृहस्थ निवृत्त होतायत, तिसरी चूक झाली की ती खुर्ची तुझी. गांडुळाला हात लावायचा नाही म्हणून मी लहानपणी ओढ्यावरून पळून आलो होतो, हे तुला आठवत असेल.

७ फेब्रुवारीच्या बुधवारी टेव्हिन कॉलेजच्या करारावर सही करणार. शाळेत टेबलावर लाल, नारिंगी, जांभळी, निळी अशा चार टोप्या मांडतील, त्यातली एक तो डोक्यावर चढवेल. तू त्याच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आहेस, त्याची आजी चर्चमध्ये तुझ्याशेजारी उभी राहून गाते. कुठली टोपी, एवढंच काढ ना.

लोभ आहेच. तो वाढलाच तर दुसऱ्या बरणीच्या रूपाने वाढावा.

तुझा,
एमेट


टॅलो क्रीक
९ जानेवारी १९९६

चि. एमेटास,
वर्लीन आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मी तुझी हेर नाही. पहिली गोष्ट ती, आणि दुसरी म्हणजे बरणी परत पाठव, रिकामी बरणी ठेवून घ्यायची तुझ्या बापाची खोड तुझ्यात आली आहे.

इथे जत्रा भरली आहे. रोज एक प्रशिक्षक टेव्हिनच्या आजीच्या, आपल्या लुरीनच्या दारात. लालवाल्यांचा रविवारी आमच्या चर्चला आला आणि असा बेसूर गायला की ऑर्गनवालीने दुसरं कडवं गाळलं. निळेवाल्यांच्याने लुरीनची भांडी घासली. लुरीनने ती तो गेल्यावर पुन्हा घासली.

आता नीट वाच, कारण बातमीदार झालास तरी तुला विचारायचं कसं ते कळलेलं नाही. तू त्याला जाणार ना असं विचारलंस. त्या घरात मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. लुरीनने पोराला असाच वाढवलाय. मी त्याला चार वर्षं सलगमचा पाला वाढते, आणखी देऊ का विचारते, तो हो मॅडम म्हणतो आणि ताट चाटून पुसून ठेवतो. गेल्या महिन्यात लुरीन सहज बोलून गेली की सलगमच्या नुसत्या वासाने त्याला मळमळतं. चार वर्षं, एमेट. मला दोन दिवस स्वतःचीच लाज वाटत होती.

त्याचं हो सर म्हणजे ऐकलं सर. बाकी काही नाही. तुला हे कळायला हवं होतं. बँडच्या मास्तरांनी विचारलं म्हणून तूही तीन वर्षं ट्रॉम्बोन वाजवलास, आणि आम्ही तो ऐकला.

घसा जप, मफलर वापर. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी,
आत्या


बर्मिंगहॅम
१६ जानेवारी १९९६

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग फोन उचलला. चारही कॉलेजांतल्या ओळखीच्या माणसांना, नाव छापणार नाही या बोलीवर, विचारलं. चौघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं की टेव्हिन आमचाच, त्याने स्वतः हो सर म्हटलंय. चारही ठिकाणी त्याच्यासाठी जागा अडवून ठेवली आहे, आणि त्या जागेवर डोळा असलेल्या चार दुसऱ्या पोरांना आता जागा नाही असं कळवलंय. सहीच्या बुधवारी एक टोपी डोक्यावर जाईल आणि तीन प्रशिक्षक त्या मुलाला जन्मभर खोटारडा म्हणतील.

ही बातमी आज राज्यात फक्त माझ्याकडे आहे. एका मुलाचे चार होकार, असा मथळाही सुचलाय. छापली तर क्रेन साहेब मला डोक्यावर घेऊन नाचतील आणि फिरती टोपी हे नाव पुसलं जाईल. पण छापली तर टेव्हिन लबाड ठरेल, आणि तो लबाड नाही, हे तुझ्यामुळे मला माहीत झालंय. खरं सांगतो, माझं मन लालचावलंय. पान टाइप करून खणात ठेवलंय, आणि दिवसातून तीनदा खण उघडतोय. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत काहीतरी द्यायला सांगितलंय.

बरणी या पत्रासोबत पाठवली आहे. काय करू ते कळव. लोभ असू दे, या आठवड्यात त्याची गरज जास्त आहे.

तुझा,
एमेट


टॅलो क्रीक
२४ जानेवारी १९९६

चि. एमेटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खण बंद ठेव. ते छापलंस तर मुरांबा विसर, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला माझ्या दारात उभा राहू नकोस. हे रागाने नाही, प्रेमाने लिहिते आहे.

लुरीनला मी चारही होकार सांगितले. ती म्हणाली की मी पोराला नम्र करायला गेले आणि मुका करून ठेवला. म्हणून आम्ही दोघींनी शिकवणी काढली आहे. मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला सलगम वाढू का विचारते, आणि त्याने नको म्हणायचं. पहिल्या दिवशी त्याने पाला दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी तेच. काल म्हणाला की बघू मॅडम, नंतर. अडीचशे पौंडांची पोरं लोळवणारा हा गडी वाढणीच्या डावासमोर लटपटतो, आणि मला हसू आवरायला पातेल्यात बघावं लागतं.

२८ तारखेला रविवारी जेवायला ये. वही आणू नकोस. लुरीन म्हणते की तुला ओसरीवर बसू देईन, पण प्रश्न विचारायचा नाही.

तुझी,
आत्या


बर्मिंगहॅम
३० जानेवारी १९९६

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तू आत मिस लुरीनबरोबर रश्शाच्या मागे होतीस, म्हणून ओसरीवर काय झालं ते सांगतो. चाळीस मिनिटं आम्ही दोघं पेकानची कवचं फोडत बसलो. मी एक अक्षर विचारलं नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत इतकं कठीण काम केलेलं नाही. शेवटी तोच बोलू लागला. त्याला त्या चारांपैकी कुठेच जायचं नाही. चाळीस मैलांवरचं ते छोटं हिरवं कॉलेज आहे ना, तिथे गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण मिळतं. तिथल्या प्रशिक्षकाने येणार ना असं कधी विचारलंच नाही. त्याने विचारलं की तुला काय व्हायचंय, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसून राहिला. टेव्हिन म्हणतो, तोपर्यंत असं कुणी केलं नव्हतं.

आत्या, त्या क्षणी माझी बोटं वहीसाठी शिवशिवली. अख्ख्या राज्यात हे फक्त मला माहीत होतं. मी म्हटलं, उद्याच्या अंकात छापू का. त्याने पेकानचा वाडगा खाली ठेवला, तळवे पँटला पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, नाही सर.

शिकवणीचं फळ नेमकं माझ्या पदरात पडलं. तुम्हा दोघींचं हसू मला जाळीच्या दारातून ऐकू आलं, नाकारू नकोस. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्याचा इतका अभिमान वाटला की मी उठून त्याचा हात हातात घेतला. आभाळ कोसळलं नाही हे बघून तो तसाच उठून फोनकडे गेला. लालवाल्यांना नाही म्हणायला त्याला अकरा मिनिटं लागली, त्यात दहा वेळा हो सर. चौथा फोन एका मिनिटात आटोपला. आता त्या अडवलेल्या जागा त्या दुसऱ्या चार पोरांना मिळतील.

क्रेन साहेबांना मी सरळ सांगितलं की मला माहीत आहे, पण मुलाने नको म्हटलंय. टाइप केलेलं पानही फाडलं. साहेब आधी लाल, मग नारिंगी, मग जांभळे झाले. सहीच्या बुधवारी तुमच्या गावात दुसरा बातमीदार येईल. मी त्या दिवशी होड्यांच्या प्रदर्शनात असेन, कारण सोमवारपासून मासेमारीचं सदर माझं.

गांडुळांच्या बाबतीत काही सल्ला असेल तर दे, आणि या मासेवाल्या भाच्यावर लोभ कायम ठेव.

तुझा,
एमेट


टॅलो क्रीक
८ फेब्रुवारी १९९६

चि. एमेटास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि या खेपेला दोन बरण्या.

काल शाळेच्या व्यायामशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. चार रंगांचे लोक चार कोपऱ्यांत. टेबलावर कुणीतरी हौसेने चारही टोप्या मांडल्याच होत्या. टेव्हिन आला, त्याने त्या नीट एकावर एक रचून बाजूला ठेवल्या आणि कोटाच्या खिशातून हिरवी टोपी काढली. ती त्याच्या डोक्याला लहान होती, नुसती वर टेकवून बसला. लुरीनचा हुंदका शेवटच्या रांगेत ऐकू गेला. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी टाळ्या सुरू केल्या आणि बाकीच्यांना वाजवाव्याच लागल्या.

तुमच्या पेपरचा तो नवा बातमीदार पुढे घुसला आणि आता पस्तावशील ना असं विचारू लागला. नाही सर. दुसरा म्हणाला, मी घरी आलो तर मुलाखत देशील ना. नाही सर. असे पाच जणांना पाच नाही मिळाले, एकापेक्षा एक नम्र. शेवटी टेव्हिनने स्वतःहून सांगितलं की जे सांगायचं ते एमेट टॉलिव्हरना सांगेन, ते दहा दिवस जाणून होते आणि छापायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं. हे माइकवर बोलला. तुझ्या क्रेन साहेबांच्या कानावर गेलंच असेल. त्यांना मुलाखत हवी असेल तर माशांच्या सदरात छापू देत.

मुलाखत ओढ्यावरच होईल, कारण मी टेव्हिनला विचारलं, शनिवारी एमेटला ओढ्यावर नेऊन गळाला गांडूळ लावायला शिकवशील का. तो हो मॅडम म्हणाला. मला सलगमची ती चार वर्षं आठवली. म्हटलं, नको असेल तर नको म्हण, मला राग नाही. तो हसला, पुन्हा हो म्हणाला, आणि वर विचारलं की सकाळी किती वाजता.

मी सहा सांगितलं आहे. जाडे मोजे घालून ये.

तुझी,
आत्या