ताडपत्रीखालचं मखर

२५ ऑक्टोबर, शनिवार

देवाच्या नावावर खोटं बोललो! डायरेक्ट गणपतीच्या. लिहून टाकतो, म्हणजे पोटातनं जाईल.

झालं असं – मी बाइक घेतली. अडीचशे सीसी, काळी, टाकीवर एक पोचा. कामावरच्या डेक्लनची. दादा-वहिनी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला निघाले, मी ‘पोट दुखतंय’ म्हणून आडवा. दार लागलं तसा उठलो आणि गाडी मागच्या गेटातनं आत ढकलली. मागचं अंगण म्हणजे खाटेएवढी फरशी. त्यावर गाडी, गाडीवर निळी ताडपत्री. बास.

आल्या आल्या वृंदावहिनीला दिसलंच. ‘नरेश, हे काय रे?’

तोंडातनं निसटलं – ‘मंडळाचं मखर. सलीलकडे जागा नाही म्हणाला.’

‘अय्या, मग नीट झाक, भिजेल!’

दादा चकली खात उभा होता.

२६ ऑक्टोबर

खरं का नाही सांगितलं? कारण मी डब्लिनला उतरलो तेव्हा दादाचं पहिलं वाक्य ‘प्रवास कसा झाला’ नव्हतं. ‘दुचाकी घेतलीस तर पुढच्या विमानाने कऱ्हाड’ हे होतं. स्वतः एकदा खंबाटकी घाटात घसरला. गळ्याचं हाड, दोन तुकडे. वहिनीने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली. गाडी विकली. तेव्हापासून आमच्या घरात ‘बाइक’ ही शिवी आहे.

आता थंडीत चालवायची नाहीच. रस्त्यावर मीठ टाकतात, गाडी गंजते. मार्चपर्यंत नुसती ठेवायची. पण कुठे? आमच्या सँट्रीच्या घराला गॅरेज नाही. मंडळातल्या सलीलची डब्लिनबाहेर लिक्सलिपला शेड आहे, पण त्यात खरं मखर आहे. म्हणजे मी अर्धं खरं बोललो! आणि डेक्लन म्हणतो, रस्त्यावर ठेव की – सकाळी गाडी चोरीला गेलेली असेल, तेलाचा डाग तेवढा एकदम ग्रँड असेल.

१ नोव्हेंबर

डेक्लनने सांगितलेलं सगळं केलं. टाकी काठोकाठ भरली, नाहीतर आतनं गंजते. चाकांखाली फळी. बॅटरी काढून माझ्या प्रेसमध्ये – इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मीपण म्हणायला लागलो – स्वेटरखाली, चार्जर लावून. हिरवा दिवा लुकलुकतो, जणू अंडं उबवायला ठेवलंय. सायलेन्सरमध्ये उंदीर घर करतात म्हणे. वहिनीची भांड्यांची तारेची घासणी कोंबली.

बारावीला दोनदा बसलो, एवढा अभ्यास एकदाही केला नव्हता.

२ नोव्हेंबर

वहिनी घासणी शोधतेय.

१६ नोव्हेंबर

मेलो होतो! सगळेच!

वहिनीची आई, प्रभामावशी, परवा वाईहून आल्यात, तीन महिन्यांसाठी. सकाळी चहा घेताना खिडकीतनं बघतो तर मावशी ताडपत्रीपुढे. हातात काडेपेटी. उदबत्ती लावतायत! फुल्ल टाकीला!! मोज्यांवर पळालो.

‘मावशीइइ!’

‘काय रे, साप बघितलास का काय?’

‘इथे साप नसतात मावशी, पण... पण बाहेर धूर केला की पोलीस येतात. दंड करतात.’

‘देवाच्या उदबत्तीला?’

‘देवाच्या तर डब्बल.’

‘काय मेला देश!’ म्हणाल्या आणि काडेपेटी कमरेला खोचली. आता रोज एक फूल आणि चिमूटभर साखर. साखरेला उंदीर येतील, पण उडणार तरी नाही कुणी.

५ डिसेंबर

वादळ. ताडपत्री एका बाजूने उडाली आणि आरसा बाहेर.

‘अगंबाई, मखराला आरसा?’

‘लेटेस्ट आहे मावशी. बाप्पाला स्वतःला बघता येतं.’

मावशी खूश. कुंकवाचं बोट आरशाला.

२१ डिसेंबर

काहीतरी गडबड आहे. ताडपत्रीची गाठ माझी नाही. माझी गाठ म्हणजे चपलेच्या बंदासारखी. ही घट्ट, सुबक, एका झटक्यात सुटणारी. आणि चेनला ताजं तेल! मागच्या चाकात हवा! मी हात लावलेला नाही.

सलीलला फोन केला. म्हणाला, ‘भूत असेल.’

‘भूत चेनला तेल घालतं?’

‘आयरिश असेल. मदतीला येतात ते.’

१० जानेवारी

संपलो. माघी गणपती चोवीसला हॉलवर करायचाय. वहिनी म्हणते, ‘बरंय, मखर आपल्याकडेच आहे!’

कऱ्हाड दिसायला लागलं डोळ्यापुढे. त्यात आईचा चेहरा.

२४ जानेवारी

वाचलो!! सलीलने पहाटे शेडमधलं मखर थेट हॉलवर नेलं. मी जाहीर केलं, ‘तुम्ही झोपेत असताना पाठवून दिलं.’ मावशी अंगणात बघून आल्या. ‘अरे, मग हे काय उभंय?’

‘सांगाडा, मावशी. वरची सजावट गेली.’

दादाला जोरात ठसका लागला. चहा नाकात.

२८ जानेवारी

आज काम लवकर सुटलं. साडेचारला घरी, अंधारायला आलेलं. खिडकीतनं बघतो तर ताडपत्री हलतेय! चोर! लाटणं घेतलं, दबकत गेलो.

ताडपत्रीखालनं दोन बूट. पॉलिश केलेले, ऑफिसचे. आतनं आवाज – ‘ढुर्रर्र... ढुर्र-ढुर्र...’ मग जरा थांबून, गिअर बदलून, ‘ढुर्रर्रर्र!’

दादा! सव्वीस माणसांचा साहेब!

दादाचं असलं काही हाती लागलं की मी त्यावर महिनाभर जगतो. व्हिडिओ काढायला फोन हातात घेतलासुद्धा. तेवढ्यात तो आत हळूच म्हणाला, ‘वळण आलं.’ आणि ताडपत्री डावीकडे झुकली.

फोन खिशात ठेवला. लाटण्यासकट घरात.

३० जानेवारी

बॅटरी बसवली. किल्ली लावूनच ठेवली. हेडलाइट तरी लागेल त्याचा.

३१ जानेवारी

लागला! पाच वाजता मावशी फूल ठेवायला गेल्या आणि ताडपत्री आतनं झगमगली! मावशी फरशीवर साष्टांग. दादा आत, बूट वर उचलून. मावशी धावत घरात, वाईला व्हिडिओ कॉल, मग मंडळाचा ग्रुप. उद्या दहा वाजता वीस माणसं दर्शनाला येतायत. वहिनी साबुदाणा भिजवतेय!

जेवताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘नऱ्या, सलीलच्या शेडमध्ये आता जागा असेल ना? सांगाडा हलवायला पाहिजे.’

सांगाडा म्हणाला! चेहरा एकदम सरळ.

१ फेब्रुवारी, सकाळी सात

घासणी सायलेन्सरमधनं काढून सिंकमध्ये ठेवली. दादाने हेल्मेट घातलंय. माझं नाही – त्याचं. खंबाटकीचं, एका बाजूला खरवडलेलं. सुटकेसच्या तळातनं काढलं. आयर्लंडला येताना घेऊन आला होता!

मला म्हणतोय, मागे बस, आणि गप बस.

हे कुणाच्या हाताला लागलंच, तर तुझ्या पाया पडतो – कुणाला सांगू नकोस. वहिनीला तर नकोच, नकोच, नकोच.