माशाच्या साच्यातला पाव

३ फेब्रुवारी

आजही तासभर विनवण्या, आणि पोटात गेले चार चमचे. बाकीचं माझ्या बाहीवर.

लगदा! दुसरा शब्दच नाही त्याला. बटाटा, भाजी, दूध, सगळं मिक्सरमधून काढून वाडग्यात ओतायचं आणि त्याला जेवण म्हणायचं. झटका आल्यापासून बाबांचं उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि घशाचाही भरवसा राहिला नाही — पातळ दिलं की ठसका, कोरडं दिलं की अडकतं. चाळीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस. वाडगा पुढे आला की ओठ घट्ट मिटून घेतात आणि भिंतीकडे बघतात. मला राग येतो आणि लगेच रागाची लाज वाटते.

५ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. वजन एकोणपन्नास. सत्तेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल म्हणाले. एकोणीस तारखेला परत बोलावलंय.

नळीचं नाव निघाल्यावर बाबांनी डावा हात हळूच उचलला आणि नाकावर ठेवला. त्यांना सगळं कळतं. तेच तर वाईट आहे.

६ फेब्रुवारी

घोटबाई आल्या होत्या. गिळायची तालीम द्यायला येतात — ‘एक घोट. थांबा. आता दुसरा घोट.’ हे नाव मी ठेवलंय, त्यांना माहीत नाही. लगद्याला सगळेच कंटाळतात म्हणाल्या. त्यांनी एक युक्ती सांगितली. पावाच्या कडा काढायच्या, पाव कोमट दुधात पार विरेपर्यंत भिजवायचा, त्यांनी दिलेली घट्ट करायची पूड मिसळायची, मिश्रण साच्यात भरायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. मध्ये सारण घातलं तरी चालेल, फक्त चाळणीतून गाळलेलं हवं. एक दाणा राहता कामा नये.

साचा म्हटल्याबरोबर बाबांची बेकरी आठवली. सारण भरलेला माशाच्या आकाराचा पाव! त्यासाठी बाहेर रांग लागायची. मी दुपारी डबा घेऊन जायचे आणि दारातूनच परत यायचे. “आत नको पोरी, भट्टी आहे.” दादाला मात्र मिसरूड फुटायच्या आधीपासून आत घेतलं. पंचेचाळिशी उलटली तरी ते माझ्या मनातून जात नाही.

७ फेब्रुवारी

साचा तयार! बिस्किटांच्या डब्याचा पत्रा, शिवणाच्या दुकानातली माझी कात्री आणि पक्कड. कापडाची कात्री पत्र्याला लावली — मालकिणीला कळलं तर माझी खैर नाही. आधी ब्लाउज बेततात तसा कागदावर मासा कापून घेतला. मग पत्र्याची पट्टी त्याच्या कडेनं वाकवली, धारदार कड आत दुमडली. अंगठा एकदाच कापला.

८ फेब्रुवारी

सारण क्रमांक एक — लाल भोपळा उकडून, दोनदा गाळून, लोणी, मीठ, मिरपूड.

साचा उचलला आणि मासा ताटलीत सुटून आला, कल्ल्यासकट! बाबांनी भिंतीवरची नजर काढली. वाकून बघितलं. डाव्या हाताच्या बोटानं शेपटी चाचपली. मग त्यांनी ताटली माझ्याकडे ढकलली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.

नको म्हणजे नको. मी ताटली उचलून आत नेली.

९ फेब्रुवारी

पानाचा साचा, मटाराचं सारण. ढकलली.

१० फेब्रुवारी

होडीचा साचा, बटाटा आणि भाजलेला लसूण. ढकलली. लगदा आला की निदान ओठ मिटून भिंतीकडे वळतात. माझा पाव मात्र चांगला निरखून परत करतात! अपमानातसुद्धा प्रतवारी.

११ फेब्रुवारी

दादाचा फोन. ‘काहीतरी गोड करून बघ.’ दुसऱ्या गावाहून सल्ले द्यायला काय जातंय त्याचं!

१२ फेब्रुवारी

तरी गोड केलं. सफरचंद आणि दालचिनी, चंद्रकोरीच्या साच्यात. कोरीची दोन्ही टोकं अखंड निघाली. इतकी सुरेख की मीच जरा वेळ बघत राहिले.

ढकलली. वर तेच माझ्या तोंडाकडे बघणं. माझा तोल गेला. म्हटलं, “नको असेल तर नको, पण माझ्याकडे असं बघू नका बाबा.” त्यांनी मान खाली घातली.

चंद्रकोर मी स्वयंपाकघरात उभ्यानंच खाल्ली, रडत रडत. रोजचा पाव असाच ओट्याशी उभी राहून संपवते, टाकवत नाही. चव चांगली होती! त्याचंच जास्त वाईट वाटलं. मग बाहेर येऊन त्यांचं तोंड पुसलं, केस विंचरले. त्यांनी माझा कापलेला अंगठा धरून ठेवला, बराच वेळ.

१४ फेब्रुवारी

घोटबाईंनी वजन केलं. साडेसत्तेचाळीस.

१५ फेब्रुवारी

अजून काय काय करून बघता येईल —

गाजर आणि आलं. आल्याचा नुसता रस.

मशरूम-कांदा लोण्यात परतून, मग वाटून. दोनदा गाळणे!! लसणाची साल परवा चाळणीतून निसटली होती.

पालक आणि चीज.

साचे: चांदणी (कोपऱ्यांत मिश्रण अडकेल — तेल जास्त लावणे). बदक. पत्रा संपत आलाय, शेजारणीकडे रिकामा डबा मागणे.

आज चांदणी झाली, गाजराची. एक कोपरा मोडला. ढकलली. आता मलाच जेवण जात नाही.

१६ फेब्रुवारी

भट्टीकाका आले. बेकरीत तीस वर्षं बाबांच्या भट्टीपुढे उभे राहिलेले. आता जाड चष्मा, हातात काठी, पण अंगाला अजून पिठाचा वास येतो असं मला उगीच वाटतं. बाबांशेजारी बसून एकट्यानंच दोघांपुरतं बोलले.

जेवणाची वेळ झाली. बदक आणलं, पालक-चीजचं. बाबांनी निरखलं, चोचीवर बोट टेकवलं, ताटली माझ्याकडे सरकवली. मी ती उचलायला गेले तर भट्टीकाका हसले. मला इतका संताप आला! माणूस उपाशी मरतोय आणि यांना हसू येतंय.

“अगं, नेतेस कुठं? खा की आधी,” काका म्हणाले. “मालक थांबलेत तुझ्यासाठी.”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. बेकरीत नवा साचा आला किंवा नवं सारण केलं, की पहिला पाव मालक कधी खायचे नाहीत. ज्या कारागिरानं केला त्याच्यापुढे ताटली सरकवायची, त्यानं मालकांच्या समोर खायचा आणि मालकांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं. पत्र्याचा वास उतरलाय, मीठ चुकलंय, सगळं त्या तोंडावर दिसतं. त्यानं खाल्ल्यावर मगच मालक. तीस वर्षांत एकदाही मोडलं नाही म्हणाले.

मासा, पान, होडी, चंद्रकोर, चांदणी, बदक. ते खात नाहीत म्हणून मी रोज नवा साचा करत होते, रोज नवं सारण. म्हणजे रोज पहिलाच पाव! आणि रोज तो आत नेऊन ओट्याशी खात होते. आठ दिवस बाबा उपाशीपोटी माझ्यासाठी थांबत होते, आणि मी त्यांना म्हटलं, माझ्याकडे बघू नका.

वळून बघितलं तर बाबांना खुर्चीतच डुलकी लागली होती. बदक ताटलीत बसकं झालं होतं. उठवलं नाही.

१७ फेब्रुवारी

पुन्हा मासा, भोपळ्याचाच. त्याचा पहिला पाव बाबांसमोर खायचा राहूनच गेला होता ना! ताटली ठेवली. त्यांनी ढकलली. त्यांच्यासमोर बसून पहिला घास मी खाल्ला. मीठ जास्त झालं होतं. माझं तोंड वाकडं झालं असणार, कारण बाबा हसले — झटक्यानंतर पहिल्यांदा. आणि मग तोंड उघडलं. डोकं, कल्ले, शेपटी, सगळा मासा संपला.

दादाला फोन केला. विचारलं, तुला बाबांनी किती वेळा दिला होता पहिला पाव? म्हणाला, “मी तर नुसती भांडी घासायचो आणि पेट्या उचलायचो गं. चार वर्षं होतो आत. मला एकदाही नाही दिला.”