वॉकर यांस काही नाही

मी, अरुणकुमार त्र्यंबक रंगारी, वय ६४, मूळ गाव येवला, जिल्हा नाशिक, हल्ली मुक्काम मुलगी चैत्राली हिच्या घरी, अल दुहैल, दोहा, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. रक्तदाब आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. रागही आहे, तो पूर्ण शुद्धीतला.

१. मिळकत सगळी स्वकष्टाची. सव्वीस वर्षं इथल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात टाक्या नि पाइप रंगवले, शेवटी रंगकामाचा फोरमन झालो. बँकेतली ठेव आणि माझी पत्नी कै. नीलांबरी हिचे दागिने चैत्रालीला. तिने कधी मागितले नाहीत, म्हणूनच.

२. माझी स्प्रे-गन सहकारी रहमान यास. तो माझ्या शेजारी उन्हात उभा राहिला.

३. माझा मुलगा इंग्लंडला शिकला, तिथे कागदोपत्री नाव बदलून 'यश वॉकर' झाला आणि इथे दोह्याजवळ लुसैलच्या एका ऑफिसात साहेब होऊन आला. 'रंगारी' वाचून मुलाखतीला बोलवत नाहीत, म्हणाला. आडनावाचं एक वेळ समजू शकतो. पण आपल्यात मुलाच्या नावात मधोमध बापाचं नाव असतं, तेही त्याने काढून टाकलं. दोन वर्षांपूर्वी नीलांबरीच्या वर्षश्राद्धाचं सांगायला कंपनीच्या बसमधून उतरून, कामाच्याच कपड्यांत त्याच्या ऑफिसात गेलो. शेजारच्या गोऱ्या साहेबाने मी कोण ते विचारलं. मुलगा म्हणाला, "दिस इज अरुण. ही डिड सम पेंटिंग फॉर अस."

दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, "बाबा, इट जस्ट केम आउट. खलास, सोडा ना." नाही सोडत.

४. चैत्रालीने आडनावांवरच्या एका पुस्तकातून वाचून दाखवलं ते त्याच्या माहितीसाठी. वॉकर म्हणजे छडी घेऊन फिरायला निघालेला साहेब नव्हे. उत्तर इंग्लंडात लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून ते कुंडात घालून पायांनी तुडवणाऱ्यांना वॉकर म्हणत. कुंडात शिळं मूतही घालत. हे आडनाव तिकडे सर्वांत जास्त आढळणाऱ्या वीसेक आडनावांत बसतं. त्या लोकांना मी हसत नाही, ते कष्टाचं खात. आमचे पूर्वज कापड रंगवत, हे तुडवत. चिरंजीव आगीतून निघून फुफाट्यात पडले. हा उतारा लॅमिनेट करून त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावा.

५. नाशिकचा फ्लॅट. त्याबद्दल त्याचं तीनदा विचारून झालं आहे. वॉकर नावाच्या इसमाला मी ओळखत नाही, त्यास काही नाही. फ्लॅट मी माझा मुलगा यशोधन अरुणकुमार रंगारी यास देतो. या नावाने त्याचा आज एकही चालू कागद नाही, हे मला ठाऊक आहे.

चैत्राली म्हणाली, "बाबा, मग त्याला मिळणार कसा?"

त्याने माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत नाशिकच्या कोर्टात मराठीत प्रतिज्ञापत्र करावं: 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच, आणि रंगकाम करणारा अरुण हा माझा बाप.' न केल्यास फ्लॅट चैत्रालीचा.

हेच वाक्य मी जिवंत असताना, एका जरी माणसासमोर, तो म्हणाला, तर हे मृत्युपत्र मी स्वतः फाडीन.

अरुणकुमार त्र्यंबक रंगारी (सही)

आमच्यादेखत त्यांनी सही केली:
१. मधु विनायक पिंगळे, शेजारी (सही)
२. आबिदा मुल्ला, परिचारिका (सही)

दोहा, दि. ९ नोव्हेंबर २०२५