‘खांदा मारला’ या शब्दांची दुरुस्ती

दिनांक : मंगळवार, १७ जून २०२५

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
मोतीबाग पोलीस ठाणे,
मिरा रोड (पूर्व).

विषय : माझ्या पतीस झालेली मारहाण आपल्या डायरीत ‘व्यायाम’ म्हणून लिहिली गेल्याबाबत, व ती नोंद गुरुवारपूर्वी दुरुस्त होणेबाबत.
संदर्भ : स्टेशन डायरीतील नोंद, शनिवार दि. १४ जून, सकाळी ९.४०.

महोदय,

मी, सौ. रसिका कौस्तुभ पाटकर, राहणार बेव्हर्ली पार्क, खालीलप्रमाणे अर्ज करते.

१. व्यायामाविरुद्ध माझी तक्रार नाही. माझे पती कौस्तुभ (वय ३६) यांना शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटे व्यायाम सांगितला आणि मीच त्यांना मागे लागून समोरच्या वज्रदेह जिममध्ये पाठवले. पाच महिन्यांत शुगर आटोक्यात आली, घोरणे थांबले, चार वर्षांच्या क्षितिजाला खांद्यावर घेऊन ते तीन मजले न थांबता चढू लागले. धोकेही डॉक्टरांनी सांगितले होते : वजन हळूहळू वाढवा, छातीत दुखलं तर थांबा. ट्रेनर लोखंडाने हाणेल, हे काही त्यांनी सांगितले नव्हते.

२. जिमची काच आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे, त्यामुळे डबा भरताना माझे लक्ष तिकडेच असते. शनिवारी सातच्या सुमारास बहात्तर वर्षांचे पंढरीनाथ काका आडवे पडून बार उचलत होते. त्यांचे हात लटपटत असताना ट्रेनर जितेश याने बारला आणखी प्लेटा चढवल्या आणि बार काकांच्या गळ्यावर आला. कौस्तुभ यांनी धावत जाऊन तो उचलला आणि ते म्हणाले, “काका गेले असते ना रे!” त्यावर जितेश म्हणाला, “मेंबर लोकांसमोर मला शिकवतो काय?” (हे दोन्ही कौस्तुभ यांनी मला इस्पितळात सांगितले.) लगेच त्याने पाच किलोची प्लेट त्यांच्या छातीवर हाणली. दोन फासळ्या मोडल्या. आवाज मला आला नाही, पण उघडलेले तोंड दिसले. ते वाकले तशी दुसरी खांद्यावर. काचेवर रक्त उडाले. पाठीवरचा घाव मी पाहिला नाही, कारण तेव्हा मी हातात झारा घेऊन जिना उतरत होते.

३. आपले हवालदार आले. जिमचे सफाईवाले दत्ताराम मामा यांनी त्यांना खरे तेच सांगितले : “साहेब, जितेशभाईने पाटकरांची छाती मारली, मग खांदा मारला, मग पाठ मारली.” परंतु जिममध्ये ‘छाती मारणे’ म्हणजे छातीचा व्यायाम करणे, आणि हवालदारसाहेब स्वतः व्यायाम करणारे आहेत. त्यांनी विचारले, “किती सेट?” मामा घाबरून म्हणाले, “मोजले नाय साहेब. तीनेक असतील.”

नोंद झाली ती अशी : “पाटकर यांनी ट्रेनरच्या मदतीने छाती, खांदा व पाठ यांचे तीन-तीन सेट मारले. अतिश्रमाने फासळ्यांस इजा. तक्रार नाही.”

मी हरकत घेतली. मला सांगण्यात आले, “ताई, एका दिवसात तिन्ही मारलं की असंच होतं. बॉडीला रेस्ट पाहिजे.”

४. काल जितेशचा मेसेज आला : “भाभी, कौस्तुभभाईला बोला, लेग डे बाकी आहे. गुरुवारी घरी येतोय ना? गेटवर उभा आहे मी.” डिस्चार्ज गुरुवारी आहे हे त्याला कुणी सांगितले, मला माहीत नाही. मी हा मेसेज घेऊन ठाण्यात आले, तर हवालदारसाहेब म्हणाले, “बघा, किती काळजी करतोय पोरगा. असा ट्रेनर मिळत नाही, ताई.”

महोदय, छाती झाली, खांदा झाला, पाठ झाली. राहिलेत ते पाय.

५. तरी ‘मारले’ याचा अर्थ मारले असाच घेऊन गुन्हा नोंदवावा, आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमच्या सोसायटीच्या गेटवर एक शिपाई द्यावा.

शिपाई न आल्यास मी उभी राहीन. शनिवारपासून मी कौस्तुभ यांचा घरचा डंबेल उचलून बघतेय; उजव्या हाताला पाच किलो आता जड वाटत नाही. जितेश पुढे आला, तर मी त्याचे दोन्ही पाय मारीन. त्याची नोंद मात्र आपल्या ठाण्याने याच पद्धतीने घ्यावी, ही विनंती.

सोबत : एक्स-रे, मेसेजची प्रिंट, काकांच्या गळ्यावरील वळाचा फोटो, त्यांच्या सहीसह.

आपली नम्र (गुरुवारपर्यंत),
सौ. रसिका कौस्तुभ पाटकर